टेपचं दुसरं टोक

वेल्डर त्या रात्री फक्त मोजायला गेला होता. काम दहा मिनिटांचं. मोजायची लांब टेप, बॅटरी, हातोडा आणि चार लोखंडी खुंट्या. बायकोला म्हणाला, "ताट झाकून ठेव, आलोच." मागच्या वर्षीचा डिसेंबर, दुसरा शनिवार. घरातून निघाला तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

वेल्डर म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ. ही गोष्ट अर्धी मी त्याच्या तोंडून ऐकली आहे आणि अर्धी या डोळ्यांनी बघितली आहे, त्यामुळे मधे मधे दात काढायचं काम नाही.

भाचेबुवा, तो मोबाईल खिशात घाला. संध्याकाळी तुम्ही तिघं गॅरेजमध्ये येऊन माझ्याकडे पत्रा मागत होतात. जाड, चांगला लांब. कशाला म्हणून विचारलं तर म्हणे, "असंच, मामा." असंच! मागच्या पडीक जागेत विटांवर फळी टाकून मोटरसायकल उडवता, ते मला कळत नाही असं वाटलं? मी म्हातारा झालोय, आंधळा नाही. पत्रा हवाय ना? आधी ऐका, मग मागा. शटर अर्धं ओढ रे, वारा येतोय.

तर उड्यांचा तो खेळ. एका बाजूला लोखंडी रॅम्प, आभाळाकडे वाकवलेला. दुसऱ्या बाजूला मातीचा डोंगर, अलीकडून भरलेल्या पोत्यांची उभी भिंत आणि पलीकडे उतार. मधे काही नाही. पोरगं गाडी घेऊन रॅम्पवरून सुटतं, हवेत हात सोडतं, गाडीसकट उलटी कोलांटी मारतं आणि पलीकडच्या उतारावर उतरतं. लोकांना वाटतं तो उडतोय. डोंबलाचं उडणं! तो फेकला जातो. चाक रॅम्पवरून सुटलं की त्याच्या हातात काही उरत नाही, ब्रेक लागत नाही की वळता येत नाही. जे व्हायचं ते आधीच जमिनीवर ठरलेलं असतं. अंतर किती फूट आणि गाडी किती वेगात, एवढ्या दोन गोष्टींवर. त्यात त्या गाड्यांना वेग दाखवणारा काटाच नसतो. पोरं इंजिनाच्या आवाजावर वेग धरतात. पंचाहत्तर फुटांचा आवाज वेगळा, ऐंशीचा वेगळा. कानात बसलेला असतो तो.

म्हणून त्यांच्यात एक रीत होती. ज्याला उडायचंय, टेपचं एक टोक त्याच्याच हातात. तो रॅम्पपाशी उभा राहणार, दुसरीकडे पोत्यांच्या भिंतीशी वेल्डर. उडणारा टेपला दोन हिसके द्यायचा, म्हणजे 'धरलंय, वाच.' वेल्डर आकडा मोठ्याने म्हणणार, तो परत म्हणणार. मगच हेल्मेट चढायचं. त्यानंतर रॅम्पला बोट लावायचं नाही. कुणीही.

त्यांच्यातल्या एकाला सगळे भिंगरी म्हणायचे. सव्वीस वर्षांचा, काडीसारखा. गळ्याखालचं हाड तीनदा मोडलेलं, मनगटात पट्टी, मांडीत सळई. वेल्डरला म्हणायचा, "काका, तुमच्या दुकानात नसेल एवढं लोखंड माझ्या अंगात आहे." वेल्डरचा फार जीव त्याच्यावर. माझाही होता. का नसावा? आल्या आल्या पाया पडायचा, आणि वाकता वाकता खिशातला पाना पळवायचा.

त्याच्या मरणाची, त्या शनिवारच्या वर्षभर आधीची गोष्ट मी तुम्हाला रंगवून सांगणार नाही. त्या दिवशी सकाळी दुसऱ्या एका गड्याने मोठ्या इंजिनाच्या गाडीवर सरळ उडी मारली होती. रॅम्प तेव्हा त्र्याऐंशी फुटांवर होता. दुपारी भिंगरीसाठी तो पंचाहत्तरवर आणला. टेप धरली, दोन हिसके दिले, आकडा दोघांनी म्हटला. सगळं रीतसर. मग संध्याकाळी माती उडायला लागली म्हणून शोच्या मालकाने पाण्याचा टँकर बोलावला. टँकर जाईना, रॅम्प आड आला. मालक म्हणाला, "ओढा बाजूला." ओढला. पाणी मारून झालं आणि रॅम्प परत जागेवर ठेवायचा होता. मातीत त्याच्या पायांच्या खुणा होत्या, त्या खुणांवर ठेवला.

खुणा दोन जागी होत्या. सकाळच्या आणि दुपारच्या. पाण्याने दुपारच्या पुसट झाल्या होत्या.

वेल्डर म्हणाला होता, "टेप आणतो." टेप गाडीत, गाडी गेटाबाहेर. मालक घड्याळ दाखवून ओरडला, "पब्लिक ओरडतंय, तू टेप आणत बस! खुणा दिसतायत ना?" आणि वेल्डर गप्प बसला. रॅम्प ओढणारा ट्रॅक्टर कोण चालवत होता, विचारा ना. मी. मीच.

भिंगरीच्या कानात पंचाहत्तरचा आवाज होता. त्याने तोच काढला, अगदी तंतोतंत. त्याची काहीही चूक झाली नाही, हे कान उघडे ठेवून ऐका. आठ फूट कमी पडले. पुढचं चाक भिंतीच्या काठावर आलं... बस. एवढंच.

मला संताप कशाचा येतो सांगू? गाणं बंद झालं नाही. तो मातीत पडलाय, आणि कर्ण्यावर ढिंगचिक ढिंगचिक चालूच. हजार मोबाईल वर. कुणी पाणी आणलं नाही, कुणी चादर आणली नाही, सगळ्यांना ते टिपून घ्यायचं होतं. नंतर लोकांनी त्याचं पडणं हळू करून करून पाहिलं. तुम्हीही पाहिलं असेल, नाही? मान खाली घालू नकोस, मी विचारतोय.

आणि मालक! तिथल्या तिथे आम्हा दोघांना बाजूला घेऊन म्हणाला, "त्र्याऐंशी त्याने स्वतः मागितले होते. विक्रम करायचा होता त्याला. वाऱ्याने घात केला. कळलं? नाहीतर तुम्ही दोघं आत जाल आधी." चौकशीत वेल्डरने तेच सांगितलं. मीही सांगितलं. थुंका माझ्या तोंडावर, हक्क आहे तुमचा.

आता भिंगरीला एक धाकटी बहीण होती. तीही उडायची. दादाच्याच हाताखाली शिकलेली, त्याच्यापेक्षा हट्टी. आमचं ते खोटं तिने खरं मानलं. दादाला त्र्याऐंशी करायचे होते, त्याचं राहिलं, ते मी करणार. वर्षभर एवढंच डोक्यात. गाडी दादाच्याच गाडीसारखी, लहान इंजिनाची. सरावात अठ्ठ्याहत्तरपर्यंत पोचली, तेही दोनदा आपटून. आणि मालकाने काय करावं? पोस्टर छापलं! भावाची अपुरी उडी बहीण पुरी करणार, त्याच मैदानावर, त्याच अंतरावर. पोस्टरवर मेलेल्या पोराचा फोटो, हसरा. आमच्या चुकीचा आकडा त्या माणसाने पोरीच्या गळ्यात हार घालावा तसा घातला.

रीत तिला वाचवणार नव्हती. ती टेप धरणार, टेप खरं सांगणार, त्र्याऐंशी, आणि ती उडणार. मालक, वेल्डर आणि मी, तिघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं की तो आकडा भिंगरीने कधी उच्चारलासुद्धा नव्हता. शो रविवारी होता.

तर शनिवार. मी संध्याकाळी ट्रॅक्टरने रॅम्प जागेवर ठेवून आलो. सहा माणसं हाताशी होती, तरी सगळ्यांचा घाम निघाला. दहाच्या सुमाराला टँकर गेटापाशी उभा करून नळीने मैदानभर पाणी मारलं, आमच्या पावलांच्या आणि चाकांच्या खुणा सगळ्या पुसल्या गेल्या. वेल्डरला फक्त एकदा अंतर तपासून खुंट्या ठोकायच्या होत्या.

तो पोचला पावणेबाराला. मोठे दिवे बंद होते. गेटावरचा राखणदार खुर्चीत घोरत होता. वेल्डर मैदानात गेला. टेपच्या टोकाची कडी त्याने रॅम्पखालच्या आडव्या दांडीत अडकवली. एकटा असला की असंच करावं लागतं. मग टेप सोडत सोडत भिंतीपर्यंत गेला, ताणली, बॅटरी मारली.

त्र्याऐंशी. बरोबर.

टेप गुंडाळायला लागला. गुंडाळली जाईना.

त्याला वाटलं, कडी अडकली. हलकेच ओढली. तिकडूनही कुणीतरी ओढली.

एक हिसका. मग दुसरा.

वेल्डर सांगतो, भीती नंतर वाटली. आधी हाताला सवय आठवली. दोन हिसके आले की आकडा म्हणायचा. तोंडातून आपोआप निघालं, "त्र्याऐंशी."

पलीकडून कुणी परत म्हटलं नाही.

टेपला जोरात हिसका बसला. एवढा, की तोल सावरायला त्याने भिंतीचं पोतं धरलं.

"कोण आहे?"

लांब रस्त्यावर एक ट्रक गेला. त्याचा आवाज संपला...

"त्र्याऐंशी," तो पुन्हा म्हणाला.

पुन्हा हिसका. रागाचा. हिसक्यातला राग हाताला कळतो रे. मूल हट्टाने ओढतं ते वेगळं, आणि हे वेगळं.

मग टेप सैल पडली. सुटली एकदाची, असं वाटून तो भराभर गुंडाळायला लागला. एक फूट. दोन. तीन. टेप येत होती. टेपबरोबर आवाजही येत होता. खट्... खट्... खट्... उडणाऱ्या पोरांचे ते जाड बूट असतात ना, बकलं लावायची राहिली की चालताना तसा आवाज करतात.

पाच. सहा.

खट्.

सात. आठ.

थांबला.

टेप पुन्हा ताठ झाली. आणि दोन हिसके.

बॅटरी मारायची नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. तरी मारली. टेप त्याच्या हातातून सरळ निघाली होती, कमरेच्या उंचीवर, अजिबात झोल नाही. उजेड तिच्यावरून पुढे पुढे गेला. रॅम्पच्या आठ फूट अलीकडे ती संपत होती. हवेत. कडी हवेत होती. तिथे कुणी नव्हतं.

त्याने हातातला आकडा वाचला.

"पंचा... पंचाहत्तर."

या वेळी हिसका आला नाही.

वेल्डर रडायला लागला. म्हणाला, "माहीत आहे रे. मला माहीत आहे. मी बोललो नाही..."

हिसका.

"चुकलं माझं..."

हिसका. माफी नको होती त्याला. माफीचं काय लोणचं घालायचंय? पुढच्या हिसक्याला टेप वेल्डरच्या तळहातातून सरसर निघाली, पोलादी पात ती, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत चिरत गेली. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला की इथे उभं राहून रडण्याचा काही उपयोग नाही. ज्याला सांगायचं ते माणूस इथे नाही. टेप टाकली, बॅटरी टाकली आणि पळाला.

घरी नाही गेला. थेट तिच्या दारात. एक वाजून दहा मिनिटं. दार तिनेच उघडलं, गुडघ्याला पट्टा बांधलेला.

"काका? एवढ्या रात्री? अहो, हाताला काय झालं?"

"उद्या उडू नकोस."

"झालं का तुमचंही सुरू? आई पुरेशी आहे तेवढ्यासाठी."

"त्र्याऐंशी तुझ्या दादाने मागितलेच नव्हते."

ती हसली आधी. मग त्याचा चेहरा बघून हसायची थांबली. वेल्डरने दारातच उभं राहून सगळं सांगितलं. टँकर, खुणा, गेटाबाहेरची टेप, चौकशी. हाताचं रक्त पायरीवर पडत होतं.

"कुणाकुणाला माहीत होतं?" शेवटी तिने विचारलं.

"तिघांना."

"आणि तिघंही दादाच्या दिवसांना आमच्याकडे येऊन बसला होतात. आईने हात धरला होता तुमचा."

वेल्डर खाली बसून पायरीवरचं रक्त सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागला.

"वर्षभर, काका! या आठ फुटांसाठी दोन बरगड्या मोडून घेतल्या मी. आईशी बोलणं टाकलं. का, तर दादाचं अपुरं राहिलं म्हणून. त्याचं काहीच अपुरं राहिलं नव्हतं. तुमची टेप आणायची राहिली होती."

ती रडली असती तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला. ती रडली नाही. आत गेली, एक फडकं आणून त्याच्या अंगावर फेकलं, हाताला बांधायला. म्हणाली, "उजाडलं की मैदानावर जायचं. तुम्ही, मी, आणि त्या ट्रॅक्टरवाल्यालाही बोलवा." पाणी काही विचारलं नाही तिने. आजपर्यंत विचारलेलं नाही, मलाही नाही. बरोबरच आहे तिचं.

त्या रविवारी उडी झाली नाही. दुपारी मैदान भरल्यावर तिने स्टेजवर जाऊन माईक घेतला. "माझा भाऊ पंचाहत्तरच्या उडीला मेला. रॅम्प त्र्याऐंशीवर होता, आणि कुणी मोजला नव्हता." मालकाने माईक बंद करायला लावला, तर तिने तेच बिनमाईकचं ओरडून सांगितलं. आणि तुमची ती पब्लिक! अर्धी पब्लिक शिट्ट्या मारत होती. "आधी उडी मार, मग बोल!" आईशपथ, माझ्या हातात पाना असता तर... जाऊ दे. त्यानंतर वेल्डरने आणि मी खरं काय ते लिहून दिलं. त्याचं जे व्हायचं ते अजून होतंय, तारखा पडतायत. मालक दुसरीकडे कुठेतरी शो लावतो म्हणे. लावणारच. बघणारे आहेत तोवर लावणार.

वेल्डरने मात्र त्यानंतर टेप हातात धरलेली नाही. अंतराचं काम आलं की सरळ नाही म्हणतो.

पण सकाळचं राहिलं. पत्रा मागणाऱ्यांनी हे नीट ऐका.

सहा वाजता आम्ही तिघं गेटातून आत गेलो. धुकं नव्हतं, चांगलं फटफटलं होतं. मालक आधीच येऊन उभा. मला बघून त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, "कुणी सांगितलं होतं तुला रात्री हात लावायला? किती माणसं घेऊन आला होतास? फिरव आधी ते!"

मी बघितलं.

रॅम्प जागेवर होता, पण त्याचं तोंड मातीच्या डोंगराकडे नव्हतं. तो फिरलेला होता. पूर्ण. वाकवलेलं टोक बाजूच्या स्टेजकडे होतं, जिथे मालकाची खुर्ची मांडलेली असते, बरोबर तिच्यावर धरलेलं.

मालक ओरडतच होता. पोरगी चालत रॅम्पपाशी गेली आणि खाली बसली. मग तिने मला हाताने खूण केली, या म्हणून.

रात्री पाणी मारलेलं होतं. माती इतकी मऊ, की मांजर गेलं असतं तरी पंजा उमटला असता. वेल्डरच्या पावलांचे ठसे होते, येतानाचे, पळतानाचेही. मी वाकलो. रॅम्पचे चारही पाय बघितले. ट्रॅक्टरच्या चाकाची नक्षी नाही. दुसऱ्या कुणा माणसाचं पाऊल नाही. ओढल्याची रेघ नाही. सहा माणसांचा घाम काढणारं ते लोखंड मातीवर अलगद टेकलेलं होतं, आणि चारही बाजूंनी जमीन सपाट. मी तीन वेळा फिरून बघितलं.

एक ओरखडासुद्धा नव्हता.